डोमाजी मिस्त्री, मोठ्या बाई आणि काचेवरचा टिळा

अन्याय झाला डोमाजी सखाराम हातझाडे यांच्यावर. राहणार केशोरी, धंदा राइस मिलमधली मिस्त्रीगिरी. कधी झाला? गेल्या वर्षी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, सकाळी साडेअकरा वाजता. बाहेर लहान लेकरं लाकडाचे नंदीबैल ओढत दारोदार फिरत होती आणि तिरोडा रस्त्यावरच्या एका मिलच्या मशीनघरात, जिथं डोमाजींनी कान लावल्याशिवाय एक पट्टा फिरत नव्हता, तिथं त्यांना सांगण्यात आलं की उद्यापासून येऊ नका.

मी कॉलेजात असल्यापासून पत्रकं लिहिते. होस्टेलच्या पाण्यासाठी लिहिलं, एसटीच्या पासासाठी लिहिलं, मेसच्या डाळीत डाळ असावी म्हणूनही लिहिलं. पत्रकाचं वळण मला तेव्हाच लागलं. पहिल्या ओळीत कोणावर अन्याय झाला आणि कधी, ते सांगायचं. शेवटच्या ओळीत वाचणाऱ्यानं काय करायचं, ते. संपादकांनी माझ्याकडे मागितलं होतं वेगळंच. सालेकशाकडची एक इंजिनिअर मुलगी जगभर पसरलेल्या कंपनीची सर्वांत मोठी अधिकारी कशी झाली, त्याबद्दल काहीतरी छान, प्रेरणादायी. लिहिते की! पण त्या बाईंचा रस्ता डोमाजींच्या मशीनघरातून निघतो आणि फिरून तिथंच येतो. म्हणून पहिलं नाव त्यांचं.

आणि एक कबुली आताच देऊन टाकते, म्हणजे पुढे लपवाछपवी नको. ज्या कागदाच्या जोरावर डोमाजींना काढलं, त्या कागदावर सही माझी होती.

मी त्याच कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर आहे. मशीन बिघडलं की मिलवाल्याचा फोन येतो, मी स्कूटीच्या डिकीत पाने टाकते आणि निघते. कंपनी धानाचा तांदूळ करायची यंत्रं बनवते. तिचं नाव लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की लोक मुद्दा सोडून नाव धरून बसतात.

धानाचा तांदूळ कसा होतो हे जिल्ह्याबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. त्यातल्या बऱ्याच जणांना तांदूळ पिशवीतच पिकतो असं वाटतं. तर शेलर नावाचं एक यंत्र असतं. त्यात रबराचे दोन रोल शेजारी शेजारी फिरतात, एक जोरात, एक हळू. त्यांच्या मधून धान गेलं की टरफल सोलून निघतं. रोल फार जवळ आले तर दाणा तुटून कणी होते. फार दूर गेले तर धान जसं आत गेलं तसंच बाहेर येतं. सगळा खेळ त्या फटीचा. पुढे पॉलिश होतं, आणि सगळ्यात शेवटी रंग पाहणारं मशीन. त्यात तांदूळ धारेसारखा पडतो, काचेमागे कॅमेरा बसलेला असतो, आणि एखादा दाणा पिवळा किंवा काळा दिसला की बाजूनं हवेची फुंकर मारून तो दाणा उडवला जातो. फट्. डोळ्याचं पातं लवायच्या आत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी तोंड उघडं ठेवून उभी होते, आणि तोंडात कोंडा गेला होता.

डोमाजींना हे मशीन आवडत नव्हतं असं नाही. ते म्हणत, "डोरे चांगले आहेत त्याचे. पन कान नाहीत."

त्यांचा स्वतःचा सगळा कारभार कानावर. तेंदूच्या लाकडाची वीतभर काठी त्यांच्या खिशात कायम. काठीचं एक टोक फिरत्या यंत्राच्या बेअरिंगवर ठेवायचं, दुसरं कानामागच्या हाडावर. डोळे मिटायचे. आणि मग सांगायचं, "हा आठ दिवस चालते. तो पोळ्यापर्यंत. त्या तिसऱ्याले आजच बदला, नाहीतं बोंबलन." माझ्याकडे कंपनीनं दिलेलं कंप मोजायचं यंत्र आहे, त्याला पडदा आहे, त्यावर रंगीत रेषा येतात. पहिल्या वर्षी मी त्या रेषा दाखवून डोमाजींशी वाद घालायची. दुसऱ्या वर्षी मी आधी डोमाजींना विचारायची आणि मग रेषा पाहायची.

आता पोळा. आमच्याकडे पोळ्याला बैलाला कामाला जुंपत नाहीत. त्याला धुतात, सजवतात, ओवाळतात. मिलमध्ये बैल नाही, पण पोटाला देणारं कोणीतरी आहेच ना? म्हणून डोमाजींच्या मिलमध्ये पोळ्याला मशीन बंद. सगळ्या यंत्रांना तेल-ग्रीस, पट्ट्यांना विसावा, शेलरच्या गळ्यात झेंडूचा हार. मग मिलमालक सेठजी आरतीची थाळी घेऊन येतात आणि प्रत्येक यंत्राला हळद-कुंकवाचा टिळा लावतात. सेठजी गोंदियातले, बोलणं हिंदी, मन मोठं, हातही मोठा. त्या वर्षी त्यांनी रंग पाहणाऱ्या मशीनचं झाकण उघडायला लावलं आणि थेट काचेवर टिळा लावला. चांगला अंगठ्याएवढा.

डोमाजी म्हणाले, "सेठजी, काचेले नका लावू."

"अरे डोमा, यही तो इसकी आँख है। पहले आँख की पूजा होनी चाहिए।"

झाकण बंद झालं. दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, सकाळी मिल सुरू झाली. मशीननं डोळा उघडला आणि त्याला सगळं जग पिवळं दिसलं. फट् फट् फट् फट्! पांढराशुभ्र, एकसारखा तांदूळ, दाणा न दाणा नापास. चांगल्या तांदळाच्या पोत्यात काहीच येईना आणि खराब मालाचं पोतं भरून वाहायला लागलं. मला फोन आला. मी नऊला पोहोचले, दीड तास तारा तपासल्या, मग झाकण उघडलं. कापसानं काच पुसली. मशीन चालू.

हसण्यासारखं आहे. मीही हसले. चहा घेऊन घरी जायला हवं होतं. पण रिपोर्ट भरल्याशिवाय मशीनचं कुलूप पूर्ण उघडत नाही, आणि रिपोर्ट टॅबवर असतो. 'बिघाडाचं कारण निवडा.' पर्याय चार: वीजपुरवठा, सुटा भाग, कच्चा माल, अप्रशिक्षित ऑपरेटर. 'काचेवर टिळा लागला' असा पाचवा पर्याय नव्हता. रकाना रिकामा ठेवता येत नाही. मला पुढच्या मिलला जायचं होतं. मी चौथ्यावर बोट ठेवलं. खाली प्रश्न आला, ऑपरेटरकडे कंपनीचं प्रमाणपत्र आहे का? नव्हतं. ते इंग्रजीतली लेखी परीक्षा देऊन मिळतं. मी 'नाही' दाबलं आणि सही केली.

पाच मिनिटांत सेठजींच्या मोबाइलवर संदेश आला. प्रमाणपत्र नसलेल्या माणसाकडून मशीन चालवल्यास वॉरंटी थांबवण्यात येईल. सेठजी घाबरले.

"देख डोमा, कंपनी का नियम है। मेरे हाथ में कुछ नहीं है। कल से तू मत आ।"

डोमाजींनी खिशातली काठी काढली, पुसली, परत ठेवली, आणि जेवणाचा डबा घेऊन बाहेर पडले. टिळा कोणी लावला याचा एक शब्द नाही. मला ते दोन दिवसांनी कळलं, केशोरीला त्यांच्या घरी गेले तेव्हा.

"बोलले काऊन नाही तुम्ही?" मी विचारलं. मी चिडले होते, अर्थातच स्वतःवर, पण आवाज त्यांच्यावर निघाला.

"का बोलू वो रंजना? इतके वर्स ज्या मानसाच्या मिलमधी खाल्लं, त्याले चार हमालांत खाली पाडू? अना तू तं शिकलेली. तुले काचेवर हळद दिसली, तं ते लावणारा हात कोनाचा, हे इचाराचं नाही सुचलं?"

नाही सुचलं. दोनशे पत्रकं लिहिणाऱ्या, ऊठसूट लोकांना जाब विचारणाऱ्या मला नाही सुचलं. लिहून ठेवते.

आता मोठ्या बाई. वैशाली टेंभरे त्यांचं नाव. कंपनीच्या सर्वोच्च अधिकारी, यंत्रं जातील त्या सगळ्या देशांच्या. पण आमच्या गोंदियाच्या ऑफिसात त्यांना 'मोठ्या बाई' म्हणतात, आणि त्यांना कधी प्रत्यक्ष न पाहिलेल्यांनाही त्यांच्या सगळ्या गोष्टी पाठ. कारण त्या गोष्टी सांगणारा माणूस डोमाजी. बाई नवीकोरी इंजिनिअर होऊन याच ऑफिसात लागल्या आणि याच मिलमध्ये पहिलं मशीन बसवायला आल्या. तेव्हाचे सेठजी, म्हणजे आताच्या सेठजींचे वडील, म्हणाले की मशीनघरात बाई नको, ओढणी पट्ट्यात अडकेल. बाई बाहेर गेल्या, डोक्यापासून कमरेपर्यंत ओढणी अशी कसून बांधून आल्या की धान रोवायला निघाल्यासारख्या दिसत होत्या, आणि विचारलं, "आता का अडकते?"

डोमाजींची गोष्ट सांगायची पद्धत अशी, की प्रत्येक वेळी त्यात काहीतरी वाढतं. कधी बाई सायकलवर आलेल्या असतात, कधी ट्रॅक्टरवर. एकदा तर नदीला पूर होता. पण एक भाग कधी बदलत नाही. बाईंनी विचारलं, रोलची फट किती ठेवायची, पुस्तकात अमुक लिहिलंय. डोमाजी म्हणाले, पुस्तक बंद करा. स्वतःच्या काठीचं टोक त्यांच्या कानामागे टेकवलं आणि म्हणाले, "आयका. आता आवाज भाकर भाजल्यासारखा येते. फट जास्त झाली तं पान्यासारखा येईन. कमी झाली तं पोरगं दात खाते तसा." आठ दिवस बाईंनी फक्त ऐकलं. नवव्या दिवशी डोमाजींनी त्यांना नवी काठी तासून दिली.

मग आला तो मोसम. परदेशातून कंपनीचं भलंमोठं शेलर आलं आणि चालू केल्या दिवसापासून नुसती कणी. साहेब लोक विमानानं आले, मशीन खोललं, जोडलं, परत खोललं. शेवटी ठरलं की या भागातलं धानच खराब, इथला धंदा गुंडाळू. ऑफिस बंद, सगळ्यांच्या नोकऱ्या जाणार. डोमाजींनी धानाचा दाणा दाताखाली धरला. कट्. दुसऱ्या पोत्यातला धरला. तो दबला, कट् वाजलाच नाही. "बाई, हे धान डांबर रोडवर वाळवलं. ऊन वरतून अना डांबर खालतून. एका अंगानं करपलं, दुसऱ्या अंगानं ओलं. मशीन का करंन?" बाईंनी गावोगाव फिरून पाहिलं. मग धान कुठं वाळवलं, किती वेळ, त्याप्रमाणे फट कशी ठेवायची, याचा कागद तयार केला. कणी थांबली. ऑफिस वाचलं. आणि तो कागद वरवर चढत गेला, त्याच्या मागे बाईही.

पुढे त्या परदेशात गेल्या, सर्व्हिस खात्याच्या प्रमुख झाल्या, मग कारखान्याच्या, मग सगळ्याच्या. डोमाजींच्या गोष्टीत त्या मोठ्या साहेबांच्या बैठकीत टेबलावर धान ओततात आणि म्हणतात, "दात आहेत का तुमाले? चावा!" मी पुढे हे बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "नाही गं, मी नुसता ईमेल केला होता. पण डोमाजींचंच सांगत जा, ते चांगलं आहे."

एवढं सगळं ऐकून वाढलेल्या मला राग कशाचा आला असेल? प्रमाणपत्राचा तो नियम सर्व्हिस खात्याचा होता. त्यावर सही होती वैशाली टेंभरे यांची.

मी पत्रक लिहिलं. गुलाबी कागदावर छापून गोंदियात वाटलं, लोकांनी त्यात भजी खाल्ली. मोठ्या बाईंना ईमेल केला. उत्तर आलं, आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. ते यंत्राचं उत्तर होतं, मोलाचं काय ते यंत्रालाच माहीत. आठवडाभर मी धुमसत होते. मग लक्षात आलं की आमच्या प्रत्येक मशीनमध्ये एक रकाना असा आहे, जो थेट मुख्य कार्यालयात उघडतो: 'तंत्रज्ञाची टिपणी'. सेठजींच्या मशीनला मासिक तपासणीसाठी गेले तेव्हा त्या रकान्यात मी अख्खं पत्रक मराठीत टाइप केलं. 'अन्याय झाला डोमाजी सखाराम हातझाडे यांच्यावर' इथपासून. आणि पाठवा दाबलं.

तिकडे काय झालं ते मला नंतर कळलं. मुख्य कार्यालयातल्या पडद्यावर गोंदियाच्या एका मशीनमधून अनोळखी लिपीची रांगच्या रांग उतरली. तिथल्या लोकांना वाटलं कोणीतरी यंत्रात घुसखोरी केली. त्यांनी सुरक्षा विभागाला कळवलं, सुरक्षा विभागानं त्यांच्या साहेबाला, साहेबानं त्याच्या साहेबाला. प्रत्येक जण डोकं खाजवून कागद वर ढकलत होता. असा तो कागद सगळ्यात वर पोहोचला, आणि त्या अख्ख्या इमारतीत तो वाचता येणारं एकच माणूस तिथं बसलेलं होतं.

मी सालेकशाला जाणाऱ्या गाडीत होते, दुपारचं ऊन खिडकीतून मांडीवर आलेलं. फोन वाजला, लांबलचक विचित्र नंबर.

"रंजना का? मी वैशाली टेंभरे बोलून राहिली."

"हो का? अन मी राष्ट्रपती बोलून राहिली. कामधंदे नाहीत का तुम्हाला?" मी फोन ठेवला. आमच्या ऑफिसात आवाज बदलून बोलणाऱ्यांची कमी नाही.

परत वाजला. "फोन ठेवू नको. डोमाजी अजून काठी कोणत्या कानाला लावतात?"

"डाव्या," मी म्हटलं, आणि सीटवर ताठ बसले.

"मग ठीक आहे. आता सांग, काचेवर टिळा कोणी लावला?"

मी सांगितलं. सगळं. चौथा पर्याय मी दाबला, हेही. मग बाई म्हणाल्या, "तुझ्या पत्रकात हे नव्हतं."

"नव्हतं."

"पुढच्या वेळी आधी ते लिही."

मी चिडले. मोठ्या बाई असल्या म्हणून काय झालं? मी म्हटलं, "नियमावर सही तुमची आहे मॅडम. तुम्हाला ज्यानं ऐकायला शिकवलं, त्यालाच तुमच्या नियमानं बाहेर काढलं. एक फोन करा आणि त्यांना परत घ्यायला लावा."

"नाही करणार. एका परक्या देशातल्या मिलमध्ये एका माणसाची चार बोटं रोलमध्ये गेली, रंजना. त्याला मेन स्विच कुठं आहे हे कोणी सांगितलं नव्हतं. त्याच्याशी बोलून आले आणि तो नियम लिहिला. तो मोडणार नाही. डोमाजींसाठी मोडला तर उद्या लोक म्हणतील, बाईनं आपला माणूस बसवला." मग म्हणाल्या, "पण परीक्षा इंग्रजीत लेखी असावी, हे त्या चार बोटांनी नव्हतं सांगितलं. ते आम्हीच घातलं. मंडई कधी आहे?"

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. नाटकं, दंडारीचे खेळ, जिलेब्या, पाहुणे. परदेशात गेलेली लेक यायची तर याच दिवसांत येते. बाई आल्या. केशोरीला मी निरोप घेऊन गेले की मिलवर या, तोंडी आणि हातानं करून दाखवायची परीक्षा आहे, मराठीत, मोठ्या बाई स्वतः घेणार. डोमाजी खाटेवर बसून चुन्याची डबी उघडत होते.

"मी कायले देऊ परीक्षा? तिले मीच शिकवलं. मंग पयले तिचीच घेतो. पास झाली तं माही घेईल."

हा निरोप मी बाईंना जसाच्या तसा दिला. त्यांनी ओढणी कमरेला बांधली.

मशीनघरात आम्ही मोजकेच. सेठजी भिंतीला टेकून, दोन्ही हात जोडून उभे, जोडायला कोणी सांगितलं नव्हतं. बाईंनी त्यांना आधी विचारून घेतलं, टिळा कोणी लावला होता?

"मैडम, हमने ही लगाया था। श्रद्धा से।"

"सेठजी, श्रद्धा छान आहे. पण बैलाच्या डोळ्यात कुंकू घालता का तुम्ही?"

सेठजींनी डोमाजींकडे पाहिलं. "डोमा, उस दिन बोला क्यों नहीं रे तू?" डोमाजी शेलरवरची धूळ पुसायला लागले. सेठजींनाही उत्तर नकोच होतं. त्यांनी डोळे पुसले आणि कोंडा गेला म्हणाले. मिल बंद होती, कोंडा कुठून येणार?

मग परीक्षा. बाईंना बाहेर पाठवून डोमाजी मशीनपाशी काहीतरी करत राहिले. आत बोलावलं, चालू केलं आणि म्हणाले, "तीन दोष आहेत. धुंड."

बाईंच्या हातात काठी नव्हती. डोमाजींनी दिलेली काठी एका विमानतळावर काढून घेतली होती. तपासणारा विचारत होता हे काय आहे, बाई सांगत होत्या की कान आहे, आणि त्याचं काही समाधान झालं नाही. डोमाजींनी हे ऐकून स्वतःची काठी पुढे केली. बाईंनी ती कानामागे टेकवली, डोळे मिटले. पहिला दोष लगेच सापडला, रोलची फट कमी. दुसराही, पट्टा ढिला. तिसऱ्यासाठी त्या यंत्राभोवती फिरत राहिल्या. इथं टेकव, तिथं टेकव. घाम आला. जगभरच्या कारखान्यांच्या प्रमुख बाई, आणि गुडघ्यावर बसून शेलरच्या पायाशी कान लावलेला. शेवटी म्हणाल्या, "मागचं बेअरिंग. जायला आलंय."

"नाही."

"मग पंखा?"

"नाही. तिसरा दोष नाहीच. दोनच होते."

"तुम्ही तीन म्हणालात!"

"म्हटलं ना. म्हनून तू धुंडत बसली." डोमाजी शांतपणे म्हणाले. "तुह्या कंपनीचं असंच आहे, बाई. रकाना आहे तं त्यात कोनाचं तरी नाव घालाच लागते. घालाले काही नसन तं मिस्त्री आहेच."

मशीनचा आवाज चालू होता, भाकर भाजल्यासारखा नव्हे, कारण फट अजून चुकीचीच होती. बाई उभ्या राहिल्या, गुडघे झटकले. आधी त्या हसल्या. मग हसू थांबलं. मग त्यांनी वही काढून काहीतरी लिहिलं. ते काय लिहिलं ते मला नंतर टॅबवर दिसलं. रिपोर्टात आता पाचवा पर्याय आहे: 'दोष नाही. काय घडलं ते लिहा.' आणि सहावी ओळ: 'ऑपरेटरचं म्हणणं काय? त्याच्याच शब्दांत.' दोन्ही मराठीतही.

"मी नापास का?" बाईंनी विचारलं.

"काठावर पास. आता माही घे."

बाईंनी एकच प्रश्न तीन वेळा फिरवून विचारला. "रोल बदलताना पहिलं काय कराल?"

"मेन स्विच बंद. चाबी माह्या खिशात."

"चाबी खिशात नसेल तर?"

"तं मी मशीनले हात लावत नाही."

"सेठजी म्हणाले, घाई आहे, लाव हात?"

डोमाजींनी सेठजींकडे पाहिलं. "तं सेठजीले म्हनीन, तुमीच लावा."

सेठजी सगळ्यात जोरात हसले. दुसऱ्या दिवसापासून डोमाजी कामावर. डोमाजी आता परीक्षा घेणारेही आहेत. आसपासच्या मिलमधल्या मिस्त्रींची तोंडी परीक्षा ते घेतात, आणि ऐकते की फार कडक घेतात. बाई जाताना नवी काठी घेऊन गेल्या, या वेळी मोठ्या सामानात. आणि यंदाच्या मशीनच्या बाजूला, काचेपासून चांगलं लांब, एक गोल छापून येतो: 'टिळा इथे लावा'. म्हणे तो सगळ्याच देशांत जातो. तिथले लोक विचारतात हे काय आहे. विचारू द्या.

इथंच संपवलं असतं तर संपादक खूश झाले असते. पण पत्रक अजून पूर्ण झालेलं नाही.

तोंडी परीक्षेला बसायचं तर मिलमालकानं मिस्त्रीचं नाव पाठवावं लागतं. पूर्ण नाव, वडिलांचं नाव, आडनाव. अर्ज साधा आहे, मराठीत आहे, एका पानाचा आहे. सेठजींनी भरलेला डोमाजींचाच पहिला अर्ज परत आला होता. त्यात लिहिलं होतं, नाव: डोमा. आडनाव: मिस्त्री. इतकी वर्षं एका छताखाली काढून सेठजींना 'हातझाडे' माहीत नव्हतं. ते वाईट माणूस नाहीत, हे तुम्ही पाहिलंच. नंतर माझ्या टेबलावर येणारे अर्ज पाहा: 'बुढा मिस्त्री'. 'केशोरीवाला'. 'तोच, जुना'. असे अर्ज कंपनीचा संगणक घेत नाही, आणि त्या माणसाला कोणी परत विचारत नाही. तोवर त्याच्या जागी प्रमाणपत्रवाला कोणी येतो, आणि हा डबा उचलून घरी.

हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा नवं धान मिलच्या दारात आलेलं असेल. तुमची मिल असेल, मामाची असेल, शेजाऱ्याची असेल, किंवा तुम्ही नुसतं धान घेऊन तिथं जात असाल, तर अंक इथंच खाली ठेवा. मशीनघरात जा, आवाजावर ओरडून का होईना, त्या माणसाला त्याचं पूर्ण नाव विचारा. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. ते अर्जावर लिहा, मालकाची सही घ्या, आणि पहिलं पोतं शेलरमध्ये पडायच्या आत पाठवून द्या. आणि मालक तुम्हीच असाल, तर तुम्हाला मी एवढंही सांगायला लागू नये.